पीस लिली: कुंडी बदलली, फुलं परतली

घरातल्या पीस लिलीला (पांढऱ्या फुलांचं शोभेचं झाड) पाणी घातलं की लगेच खालून निघून जायचं आणि फुलंही बंद, कारण कुंडीत नुसत्या मुळ्याच उरल्या होत्या. नाशकात कुंडी बदलायचं काम पाऊस सुरू झाल्यावरच करावं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानं करपतात. मुळ्यांचा गड्डा बोटांनी हलकेच सोडवून झाडाचे भाग केले. प्रत्येक भागाला स्वतःच्या मुळ्या आणि ३-४ पानं हवीतच. तपकिरी, मऊ मुळ्या स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापल्या.

आपल्याकडची काळी माती कुंडीत नकोच! ती पाणी धरून ठेवते, मुळ्या कुजतात. त्याऐवजी २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ गांडूळखत, १ परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे). नवी कुंडी मुळ्यांपेक्षा १-२ इंचच मोठी. खोड पूर्वीइतकंच खोल. पहिला आठवडा पानं माना टाकतात, पण तेवढ्यावरून पाणी वाढवू नये. खत दीड महिन्याने.