वायरलेस माउस, कीबोर्ड, हेडफोन अडखळतात तेव्हा: दोष शोधायचा क्रम

वायरलेस उपकरणांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी वाचत गेलं की त्याच त्या पाच-सहा गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. कर्सर अडखळतो. एक अक्षर दाबलं की उमटतच नाही, नाहीतर चार वेळा उमटतं. हेडफोनचा आवाज तुटतो, पेअरिंग (उपकरण कम्प्युटरला किंवा फोनला जोडणं) होत नाही, चार्जिंग होत नाही. यातल्या पुष्कळ वेळा वस्तू ठणठणीत असते आणि घोळ रिसीव्हरच्या (यूएसबी पोर्टात खोचायच्या छोट्या तुकड्याच्या) जागेत, सेलमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो. म्हणून वस्तू परत पाठवण्याआधी थोडा वेळ काढून कारण शोधलेलं बरं.

पहिली चाचणी फुकट आहे: तोच माउस किंवा हेडफोन दुसऱ्या कम्प्युटरला, शक्यतो दुसऱ्या खोलीत, जोडून पाहा. तिथेही तोच त्रास झाला तर संशय वस्तूवर किंवा तिच्या सेलवर. तिथे नीट चालला तर पहिल्या कम्प्युटरवर आणि त्याच्या आसपासच्या गोष्टींवर. पुढचे उपाय करताना एका वेळी एकच बदल करा, नाहीतर त्रास थांबला तरी कशामुळे थांबला ते कळत नाही. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला सगळीकडे पहिला दिला जातो. तो शेवटी ठेवा. साधा माउस आणि कीबोर्ड सिस्टीमच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात, आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

रिसीव्हर कुठे खोचलाय?

वायरलेस माउस आणि कीबोर्डचे छोटे रिसीव्हर, ब्लूटूथ आणि वायफायचा जुना पट्टा हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे गर्दी असतेच. पण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारा त्रास दुरून येत नाही, तो शेजारच्या यूएसबी पोर्टमधून येतो. यूएसबी ३ च्या वेगवान सिग्नलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कमधून, तिच्या केबलमधून, हबमधून (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीतून) आणि पोर्टमधूनही हा गोंगाट येतो. रिसीव्हर तिथेच चिकटून बसलेला असेल तर हातभर अंतरावरच्या माउसचा सिग्नलही त्यात बुडून जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी करायला घ्या आणि त्याच वेळी कर्सर गोल फिरवा. कॉपी चालू असताना कर्सर उड्या मारतो आणि डिस्क काढल्यावर गुळगुळीत फिरतो, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

उपाय असा: अर्धा ते एक मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या. साधी यूएसबी २ ची केबल पुरते, किंबहुना तीच घ्यावी; माउसला वेग लागत नाही. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून टेबलावर, माउसपासून वीस-तीस सेंटिमीटरवर, डिस्क आणि हबपासून लांब ठेवा. कम्प्युटरला यूएसबी २ चं पोर्ट असेल तर केबल त्यात खोचा. यूएसबी ३ चं पोर्ट बऱ्याचदा आतून निळं असतं, पण प्रत्येक कंपनी हा रंग पाळत नाही. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात रिसीव्हर असेल तर मधे कॅबिनेटचा पत्रा येतो. लोखंडी टेबलाखाली कॅबिनेट असेल तर आणखी एक पत्रा. केबलने दोन्ही अडचणी सुटतात.

राउटर जवळ असेल तर कम्प्युटर आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. २.४ चा पट्टा ठेवावाच लागत असेल तर राउटरमध्ये त्याची चॅनेल रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या जवळ चालतो. आवाज फक्त ठरावीक वेळी तुटत असेल तर त्या वेळी ओव्हन चालू असतो का ते पाहा.

डेस्कटॉपवर ब्लूटूथ दोन फुटांपलीकडे जात नसेल तर कॅबिनेटच्या मागे बघा. ज्या मदरबोर्डमध्ये वायफाय असतं त्यात ब्लूटूथही त्याच कार्डवर असतं आणि दोघांना मिळून मागे स्क्रूचे अँटेना लावायचे असतात. इंटरनेट केबलने घेतलं म्हणून ते अँटेना खोक्यातच राहतात, आणि मग बिचारा हेडफोन बदनाम होतो.

सेल आणि झोप

अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा. उपकरणातला बॅटरी दाखवणारा भाग बहुधा अल्कलाइन गृहीत धरतो, त्यामुळे पूर्ण चार्ज केलेला निकेल सेलही अर्धा दिसतो. त्याने कामात फरक पडत नाही. मल्टिमीटर असेल तर मोजा: अल्कलाइन सेल १.२ च्या खाली दिसला की बदला. जुना-नवा सेल एकत्र घालू नका. कमजोर सेल आधी संपतो, गळतो आणि स्प्रिंग खातो. स्प्रिंगवर पांढरी पपडी दिसली तर कानकाडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.

थोडा वेळ हात थांबला की माउस स्वतः झोपतो आणि हलवल्यावर क्षणभराने जागा होतो. हे बरोबर आहे. पण जागं व्हायला दोन-तीन सेकंद लागत असतील, तर बहुतेक कम्प्युटरच पोर्ट झोपवतो आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्सखाली यूएसबी रूट हबवर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. हब एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची काढा. ब्लूटूथ अडॉप्टरवरही हेच करता येतं. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच दिसत नाही. तिथे पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हे पोर्ट झोपवणारं सेटिंग सापडलं तर ते बंद करा.

पेअरिंग होत नाही

उपकरण यादीत दिसतं पण जोडलं जात नाही, असा प्रकार असेल तर बहुतेक वेळा जुनी नोंद आड येत असते. ती दोन्ही बाजूंनी पुसायची असते आणि लोक एकाच बाजूने पुसतात. आधी कम्प्युटरच्या यादीतून उपकरण काढा. मग उपकरणावरची पेअरिंगची नोंद रीसेट करा. कोणतं बटण किती सेकंद धरायचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, माहितीपत्रक बघा. दिवा भराभर लुकलुकायला लागला की पेअरिंग सुरू झालं. या वेळी ज्या ज्या फोनला, टॅबला हे उपकरण पूर्वी जोडलं होतं त्यांचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर त्यातलाच एखादा मधल्यामधे ते पळवतो. कीबोर्डवर तीन उपकरणांसाठी १, २, ३ अशा कळा असतील तर चुकून दुसरीच दाबली गेलेली नाही ना, तेही बघा.

रिसीव्हर हरवला असेल तर दुसऱ्या कोणत्याही रिसीव्हरने काम होत नाही. लॉजिटेक या एकाच कंपनीचे युनिफायिंग आणि बोल्ट हे रिसीव्हरचे दोन प्रकार एकमेकांशी चालत नाहीत. प्रत्येकावर सहा उपकरणं जोडता येतात, पण आपापल्या जातीचीच. पुष्कळ स्वस्त माउसची जोडी कारखान्यातच बांधलेली असते, तिथे रिसीव्हर गेला म्हणजे माउसही गेला.

ब्लूटूथ कीबोर्ड बहुतेक कम्प्युटरवर सिस्टीम सुरू होईपर्यंत चालत नाही, त्यामुळे बायोसमध्ये (सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जायला तारेचा किंवा रिसीव्हरवाला कीबोर्ड लागतो. ही तक्रार दोषात धरू नका. आणखी एक: २०१६ मध्ये ‘माउसजॅक’ नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली, तिच्यात अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरमधून बाहेरचा माणूस कळा दाबल्यासारखे संदेश पाठवू शकत होता. जुना रिसीव्हर वापरत असाल तर कंपनीच्या साइटवर त्याच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आहे का ते तपासा.

गाणी छान, कॉलमध्ये मात्र आवाज डब्यातला

हेडफोनबद्दलची ही तक्रार सर्वात जास्त गैरसमजाची. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकताना स्टिरिओ आवाज एकाच दिशेने येतो. माइक सुरू झाला की हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर, म्हणजे बोलण्यासाठीच्या वेगळ्या पद्धतीवर, जातो. तिथे आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) होतो आणि आवाजाचे नमुने घेण्याचा वेग बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतो, म्हणून बारकावे जातात. महागडा हेडफोन घेऊनही हे होतं. उपाय: कॉलच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा यूएसबी माइक निवडा. हेडफोन लगेच स्टिरिओवर परततो. परतला नाही तर पार्श्वभूमीला दुसरं कुठलं अ‍ॅप माइक धरून बसलंय का पाहा.

चालताना एकाच कानाचा आवाज तुटतो, त्याला शरीर कारण असतं. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतं. फोन मागच्या खिशातून काढून पुढच्या किंवा वरच्या खिशात ठेवा. गेम खेळताना आवाज उशिरा येतो तो मात्र सेटिंगने फारसा सुधारत नाही. स्वतःचा यूएसबी रिसीव्हर असलेला हेडसेट घ्या.

चार्ज होत नाही

उपकरणाला सी पोर्ट आहे, चार्जर सी-टू-सी आहे, आणि काहीच घडत नाही. केबल खराब समजून लोक ती बदलत बसतात. सी चार्जर समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचे रेझिस्टर दिसेपर्यंत वीज सोडत नाही, आणि काही स्वस्त उपकरणांत ते घातलेलेच नसतात. अशा वेळी जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टवाला चार्जर आणि ए-टू-सी केबल वापरा. चार्जिंग सुरू झालं तर दोष उपकरणाच्या रचनेत आहे.

खरोखरच वस्तू खराब आहे का

कर्सर एका जागी थरथरतो तर खालच्या सेन्सरच्या भोकात केस किंवा धूळ आहे का पाहा, फुंकून काढा, मग साध्या पांढऱ्या कागदावर माउस चालवा. कागदावर नीट आणि टेबलावर वेडावाकडा चालत असेल तर पृष्ठभाग बदला. काच आणि चकचकीत पॉलिश साध्या ऑप्टिकल सेन्सरला दिसत नाहीत. एका क्लिकला दोन क्लिक पडतात का हे बघायला मजकुरातल्या शब्दावर सावकाश एकेकदा वीस वेळा क्लिक करा. मधेच आख्खा शब्द निवडला गेला तर आतला स्विच झिजलाय. यावर सेटिंगचा इलाज टिकत नाही, माउस वॉरंटीत पाठवा.

तक्रार लिहिताना मॉडेल क्रमांक, सिस्टीमची आवृत्ती, रिसीव्हर कोणत्या पोर्टात होता आणि दुसऱ्या कम्प्युटरवर काय झालं एवढं सांगा, सोबत पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं की उत्तरात पुन्हा रीस्टार्ट करायला सांगतात. पॅक करण्यापूर्वी सेल काढा, आणि कम्प्युटरचं पोर्ट एकदा बघा. रिसीव्हर तिथेच राहिला तर परत आलेला माउस अपूर्ण म्हणून नाकारला जाऊ शकतो.