बंद रेल्वे लाइनवर चालायची-सायकलची वाट करायची असेल तर

मुंबईत चालायला सलग मोकळी पट्टी शोधायची म्हटलं की मी सगळ्यांना पूर्व किनाऱ्याकडे बोट दाखवते. पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ ला सुरू झाली, बॅलार्ड पियर ते वडाळा, मधे रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी असा सगळा गोदी-गोदामांचा पट्टा, आणि बोटीने उतरलेले लोक बॅलार्ड पियरवरूनच फ्रंटियर मेल धरून थेट पेशावरकडे जायचे. पुढे माल ट्रकवर गेला आणि बऱ्याच साइडिंग, म्हणजे मुख्य लाइनवरून गोदामांकडे वळणारे फाटे, गवतात बुडाल्या. अशा लाइनवर वाट व्हावी असं वाटत असेल तर बाक आणि दिव्यांची चित्रं काढायच्या आधी दोन गोष्टी बघा, जागा कोणाची आहे आणि तिथून आत्ता रोज कोण येतं-जातं.

मालकीसाठी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा पोर्टची, रेल्वेची की लीजवर कोणाला दिलेली हे तुकड्या-तुकड्याने कळतं. त्यासोबत १० रुपयांचा आरटीआय टाकून विचारा की लाइन कागदोपत्री बंद आहे का, कारण गंजलेला रूळ म्हणजे बंद लाइन असं अजिबात नाही, एखाद्या साइडिंगला अधूनमधून मालगाडी येतही असेल. लेखी उत्तर येईपर्यंत रुळावर पाय ठेवू नका, बाहेरच्या रस्त्याने बघा.

आणि पट्टी तुटू देऊ नका, हे मी परत परत सांगते. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारी एक लाइन १९२८ ला सुरू झाली होती, १९३४ मधे बंद पडली, विमानतळ आला, जमीन तुकड्यात गेली आणि आज तिची आठवण म्हणून कलिन्याचा सीएसटी रोड उरलाय, म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे रोड. न्यूयॉर्कची हाय लाइन, म्हणजे खांबांवरून जाणारी मालगाडीची लाइन, १९८० ला शेवटची मालगाडी गेल्यावरही जवळजवळ वीस वर्षं उभीच्या उभी राहिली, म्हणून तर २००९ मधे तिची बाग करता आली. सिंगापूरलाही २०११ ला गाड्या थांबल्यावर जमीन सलग ठेवली, तिथे आता २४ किलोमीटरचा कॉरिडॉर आहे.

परवानगी मिळाली की एका सुट्टीच्या दिवशी आणि एका कामाच्या दिवशी, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला, पूर्ण लाइन चाला. कोण कुठून ओलांडतं, पाण्याचे हंडे कुठून जातात, पोरं क्रिकेट कुठे खेळतात, बायका कुठला कोपरा टाळतात, सगळं वहीत लिहा. रुळाला लागून वस्ती असेल तर तिथल्या लोकांना नकाशा तयार झाल्यावर नाही, नकाशा काढतानाच बोलवा. वाट कोणाच्या तरी घरावरून जाणार असेल तर आधी त्या घराचं काय हे ठरलं पाहिजे, नाहीतर ती वाट करूच नका, माझं मत स्पष्ट आहे.

खरी कसोटी फाटकांवर लागते. रस्ता जिथे आडवा येतो तिथे गाडी अडवायला लोखंडी खांब लावतात, दोन खांबांत व्हीलचेअर निघेल एवढी जागा ठेवली की बाइकही निघते, यावर खांबाचा उपाय नाहीच. वळणदार अडथळा घातला तर बाइकवाला कंटाळतो पण व्हीलचेअर, तीनचाकी सायकल आणि भाजीची हातगाडी अडकते. मी जागा मोकळी ठेवायच्या बाजूने आहे, सोबत तिथेच चहाची टपरी किंवा चौकीदार, म्हणजे माणसांची नजर राहते.

चढाचं टेन्शन नाही, रेल्वेचा चढ मुळातच हलका असतो. एका ब्रॉडगेज लाइनच्या रुंदीत ३ मीटरची वाट आणि बाजूला झाडं आरामात बसतात. खडी फेकू नका, ती दाबून वर बारीक कच घातली की पाया तयार, पाणीही मुरतं. पण आधी मातीची तपासणी करून घ्या, रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरला क्रियोसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल, पाजलेलं असायचं आणि यार्डात तेल सांडलेलं असतं, त्यामुळे त्या स्लीपरचे बाक करायची आयडिया कितीही छान दिसली तरी नको.

पावसाळ्यात जाऊन सगळ्या मोऱ्या बघा, आणि शक्यतो मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र असेल त्या दिवशी, सुरक्षित जागेवरून. जिथे पाणी चढतं तिथे वाट उचला किंवा सरळ वळवा. शिवडीकडे तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही, फ्लेमिंगो येतात त्या बाजूला रात्रीचे झगझगीत दिवेही लावू नका, खाली वाकलेले मंद दिवे पुरतात.

फाइल करताना मेंटेनन्सचं पान पहिलं लावा, कचरा कोण उचलणार, गेट पहाटे कोण उघडणार, दिवा गेला तर फोन कोणाला. मग एकाच स्टेशनाजवळचा अर्धा किलोमीटर आधी मागा, तो चालू झाला की तिथे रोज येणाऱ्या लोकांच्याच सह्या घेऊन पुढचा तुकडा मागता येतो.