अंगणातलं विषारी झाड ओळखताना आधी फळ बघा

झाड बहुतेकजण फुलावरून ओळखतात. मुलांच्या तोंडात मात्र फळं नि बिया जातात, म्हणून आधी फळ बघा, मग पानांची मांडणी, शेवटी चीक. फांदी मोडताना हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवा. चिकाचा हात डोळ्याला लागला तर आग होते.

कुंपणाला लावलेला मोगली एरंड सगळ्यात फसवा. पानाला तीन ते पाच बोथट कोपरे, चीक पाण्यासारखा, कपड्यावर वाळला की तपकिरी डाग. फळ गुळगुळीत, हिरव्याचं पिवळं होऊन काळं पडतं. आत साधारण तीन काळ्या बिया. गर शेंगदाण्यासारखा लागतो, त्यामुळे मुलं एका बीवर थांबत नाहीत, आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. साध्या एरंडाचं पान खोल कातरलेलं, कडा करवती, फळ बहुधा काटेरी, बी चित्रविचित्र ठिपक्यांची. ही बी अख्खी गिळली तर कधी तशीच बाहेर पडते. चावली की विष सुटतं. गुंजेचंही तसंच, म्हणून भोक पाडलेल्या गुंजांची माळ लहान मुलांच्या घरात नको.

कण्हेरीची पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन आणि फळ लांब शेंगेसारखं. बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, पानं एकेक आणि अरुंद. चीक पांढरा, फळ हिरवं, कंगोरेदार, आत कठीण आठळी. या आठळ्यांनी मुलं खेळतात, तिथेच घोटाळा होतो. दोन्हींचं विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि पानं वाळली तरी टिकतं. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नका, शेकोटीतही नकोत.

धोतऱ्याच्या काटेरी फळातल्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बडबड ही त्याची खूण. महाशिवरात्रीची पूजा आटोपली की फळ लगेच उचला.

कुंडीतल्या डिफेनबाकियाचं पान चावलं तर जीभ-ओठ सुजतात. गार पाण्याने चूळ भरायला लावा. श्वास अडकतोय असं वाटलं तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

काहीही खाल्लं असेल तर तोंडातला चोथा काढा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि पान-फळासकट फांदी पिशवीत घालून सोबत न्या. कण्हेर किंवा बिट्टी असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी दवाखान्यात न्याच. ठोके नंतरही बिघडू शकतात.