शाळेजवळच्या गल्लीत गाड्या हळू करायच्या असतील तर

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो, "कोणीतरी इथे स्पीड ब्रेकर टाकायला सांगा", त्यावर पन्नास जण हात जोडलेले इमोजी टाकतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्याकडे पुण्यात दोन वर्षं असंच चाललं होतं. मग दुसरीतली एक मुलगी गेटसमोर बाइकचं हँडल लागून पडली, कोपरावर निभावलं, पण तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून गेलेला नाही. म्हणून आम्ही काय काय केलं ते लिहून ठेवतेय.

आधी मोजा, अर्ज नंतर. "गाड्या खूप जोरात जातात" हे सगळेच म्हणतात, वहीतला आकडा दाखवला की समोरचा थांबून ऐकतो. टेप धरून बरोबर ५० मीटर मोजा, दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढा आणि पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा की गाडीला तेवढं अंतर कापायला किती सेकंद लागले. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे ६ सेकंद लागले तर ३०, ४ लागले तर ४५. खाली वही घेऊन उभं राहू नका, माणसं दिसली की लोक आपोआप ब्रेक मारतात. आणि फक्त शाळा सुटतानाचं मोजू नका, तेव्हा गेटसमोर एवढी गर्दी असते की कोणाला जोरात जाताच येत नाही. सकाळी शाळा भरायच्या घंटेच्या आधीची दहा मिनिटं बघा. आमच्या वहीत सगळ्यात मोठे आकडे तेव्हाचेच होते, आणि त्यातले बरेच उशीर झालेले आपलेच पालक होते. कबूल करायला जड गेलं, पण गाडीनंबर न टाकता नुसते आकडे पालकांच्या ग्रुपवर टाकले आणि काहीजण खरंच हळू यायला लागले.

आता मागायचं काय ते नीट ठरवा. स्पीड ब्रेकरचं सुद्धा माप असतं, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात गोलसर उंचवटा गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ ने आरामात ओलांडता येईल असा, आणि त्याच्या ४० मीटर आधी पाटी. आपण रोज ज्यावर आपटतो ते अरुंद, उभे उंचवटे यात बसतच नाहीत, त्यावर पाठ दुखते, अँब्युलन्समधल्या पेशंटचे हाल होतात. आमच्या मागच्या गल्लीत लोकांनी वर्गणी काढून रात्रीत सिमेंटचा उंचवटा केला, पट्टे नाहीत, पाटी नाही, पहिल्याच पावसात एक डिलिव्हरीवाला पोरगा त्यावरून पडला. कृपा करून असं करू नका.

माझं मत विचाराल तर गेटसमोर टेबलटॉप मागा, म्हणजे फुटपाथच्या उंचीला आणलेलं रुंद झेब्रा क्रॉसिंग, मुलं समपातळीत चालतात आणि गाडीला हळू व्हावंच लागतं. शिवाय गेटच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग, कारण उभ्या गाडीच्या मागून बाहेर आलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. खर्चाचं कारण पुढे आलं तर आधी तात्पुरतं करून बघा म्हणा, मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळांबाहेर रंग आणि बोलार्डनी, म्हणजे छोट्या खांबांनी, मुलांची चालायची जागा आखून दिली होती.

शाळेला बरोबर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि त्यात पालक, वाहतूक पोलीस, आरटीओ सगळ्यांचे प्रतिनिधी. ही समिती बऱ्याच पालकांना माहीतच नसते. तिची बैठक लावायला सांगा, तुमची वही तिथे ठेवा आणि शाळेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा, कुठे गाडी वळवताना अडचण होते ते त्यांनाच नीट माहीत असतं.

अर्ज दोन करा, एक क्षेत्रीय कार्यालयात पथ विभागासाठी, एक वाहतूक शाखेला, कारण काम महापालिका करते पण पोलिसांचं ना हरकत लागतं. सोबत आकड्यांचा तक्ता, फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि सह्या, त्यात समोरच्या दुकानदारांच्याही हव्यात, नाहीतर नो पार्किंगला पहिला विरोध तेच करतात. आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. महिना दीड महिना काहीच हललं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, "अमुक आवक क्रमांकावर आजपर्यंत काय कारवाई झाली" एवढंच विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुण्यात नागरिकांच्या सूचनांमधून बजेटमध्ये कामं घ्यायची सोयही आहे, त्याचे फॉर्म कधी निघतात त्यावर लक्ष ठेवा.

काम झालं की महिन्याभराने त्याच ५० मीटरवर, त्याच बाल्कनीतून पुन्हा मोजा. पावसाळ्यात पट्टे पुसले जातात, तेव्हा जुना आवक नंबर लिहून नवा अर्ज द्या. वही सांभाळून ठेवा, पुढच्या वर्षीच्या पालकांना द्यायला लागेल.