वरचा थर बेसिनमध्ये ओतू नका

मिरजेत बकऱ्याचा भेजा सहज मिळतो. तो घेऊन आल्यावर धीर धरणारा एमएस्सीचा विद्यार्थी मात्र मिळत नाही.

पेशीपटलातली ग्लायकोस्फिंगोलिपिडं, म्हणजे साखर जोडलेली स्निग्ध द्रव्यं, वेगळी करायची म्हणजे भेजा दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉलमध्ये वाटायचा, गाळायचा, थोडं पाणी घालून थर पडू द्यायचे. मागे एका पोराने थर पडल्या पडल्या वरचा बेसिनमध्ये ओतला. "मॅडम, ते नुसतं पाणी होतं. फॅट क्लोरोफॉर्ममध्येच असतं ना?"

कोलेस्टेरॉल, फॉस्फोलिपिड क्लोरोफॉर्ममध्ये असतं. पण गँग्लिओसाइड या ग्लायकोस्फिंगोलिपिडाच्या डोक्यावर साखरांची साखळी आणि सियालिक अॅसिड (तीही एक साखरच, पण आम्लधर्मी) असतं, त्यामुळे ते पाणी-मिथेनॉलच्या वरच्या थरात जातं. या पोरसाहेबांनी खालच्या थराचे ठिपके देऊन क्रोमॅटोग्राफीची प्लेट चालवली, सियालिक अॅसिड असेल तिथे जांभळा रंग देणारं रिसॉर्सिनॉल फवारलं, काच झाकून तापवली. जांभळा पट्टा एकही नाही. मग रिसॉर्सिनॉल जुनं ठरलं. ते नवं करण्यात अर्धा दिवस गेला, तरी प्लेट कोरीच. तेव्हा मी विचारलं, "वरचा थर कुठंय?" दुसरा भेजा आणायला त्यालाच पाठवला.

माझी सवय अशी: दोन्ही थर काचेच्या बाटल्यांत, चिकटपट्टीवर पेन्सिलीने नाव. मार्करची शाई क्लोरोफॉर्मचा एक थेंब पडला की पुसते. प्लेट वाचून होईपर्यंत काहीही टाकायचं नाही, आणि बेसिनमध्ये तर कधीच नाही.

प्लास्टिकच्या नळ्या नकोत. क्लोरोफॉर्म प्लास्टिकातलं काहीबाही ओढतो आणि नसलेले ठिपके दिसतात.

जीएम-३ या गँग्लिओसाइडच्या नावातला ३ म्हणजे तीन साखरा, असं दरवर्षी कुणीतरी लिहितंच. स्वेनरहोमच्या नाव देण्याच्या पद्धतीत 'जी' म्हणजे गँग्लिओसाइड, 'एम' म्हणजे एक सियालिक अॅसिड. पुढचा आकडा सियालिक अॅसिड सोडून उरलेल्या साखरा पाचातून वजा केल्यावर येतो. जीएम-१ मध्ये अशा चार, जीएम-३ मध्ये दोनच. आकडा वाढतो तशी साखळी आखूड होते. गाइड पाठ करणाऱ्यांना हे कधी कळणार, देव जाणे.

टे-सॅक्स या आनुवंशिक आजारात 'जीएम-२ जास्त तयार होतं' हेही चूक. तयार नेहमीइतकंच होतं. ते तोडणारं एन्झाइम हेक्सोसॅमिनिडेज-ए नसल्याने लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत, तुटत नाही, म्हणून मेंदूच्या पेशींत साठतं. गोशे या तशाच आजारात ग्लुकोसेरेब्रोसाइड हे दुसरं ग्लायकोस्फिंगोलिपिड साठून प्लीहा आणि यकृत वाढतं. दोन्ही आजार आई आणि वडील अशा दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच होतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवं नाही, म्हणून अशा बाळाची माहिती लिहून घेताना नात्यातलं लग्न आहे का, हे विचाराच. लाजू नका.

फॅब्री या अशाच साठण्याच्या आजाराचं वेगळं. तो जीन एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून 'बायकांना होत नाही' म्हणून मोकळे होणारे भेटतात. बायकांनाही होतो. शिवाय बाईचं एन्झाइम नॉर्मल आलं म्हणून फाइल बंद करू नका, जीन तपासायला पाठवा.