जुना फोन लगेच देऊन टाकू नका

नवा फोन घेताना एक्स्चेंजच्या घाईत जुना हातातून सोडू नका. आठवडाभर तरी दोन्ही फोन घरात असू द्या.

गुगलवर बॅकअप चालू असेल तर फोटो आणि कॉन्टॅक्ट गुगल खात्यातून आपोआप येतात, त्यांची फारशी चिंता नको. खरी काळजी व्हॉट्सॲपची. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गुगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो. जागा भरली की बॅकअप थांबतो, आणि आपल्याला वाटत असतं की तो रोज होतोय. माझ्या मावशीचे दोन वर्षांचे व्हॉइस मेसेज असेच गेले, मला अजून हळहळ वाटते. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख स्वतः बघा. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर व्हॉट्सॲपमधूनच क्यूआर कोड स्कॅन करून चॅट थेट हलवता येतात, मला तोच मार्ग भरवशाचा वाटतो.

यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये हवं, कारण पडताळणीचा एसएमएस तिथूनच जातो. त्यासाठी रिचार्ज चालू ठेवा. पहिल्या दिवशी व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते, तेव्हा मोठं पेमेंट आधीच उरकून घ्या. ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी कोड देणारं ॲप) वापरत असाल तर त्यातले कोडही आठवणीने हलवा.

सगळं नीट चालतंय याची खात्री झाली की जुन्या फोनमधून गुगल खातं काढा (आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करा) आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाका. नाहीतर पुढच्या माणसाकडे फोन तुमचाच पासवर्ड मागत बसेल.