सात चकत्यांची मुंबई: जनगणना काचेत उतरवताना

१९५१ ते २०११ च्या सात जनगणनांसाठी काचेच्या सात गोल चकत्या एकावर एक रचून मुंबईच्या वाढीचं शिल्प करायचं आहे. पहिली चूक कागदावरच होते. लोकसंख्या चौपट झाली म्हणून चकतीचा व्यास चौपट केला, तर क्षेत्रफळ सोळापट होतं आणि शिल्प थापा मारू लागतं. व्यास लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा. २०११ च्या बृहन्मुंबईला (१ कोटी २४ लाख) २५० मिमी दिले, तर १९५१ ला १२३, पुढे दर जनगणनेला १४४, १७३, २०३, २२३ आणि २००१ ला २४५.

प्रत्येक चकतीच्या मधोमध शहर जिल्ह्याचं, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्याचं, धुरकट वर्तुळ येईल. त्याचे व्यास याच क्रमाने १०८, ११८, १२४, १२८, १२६, १२९, १२४. खरी गंमत इथेच आहे: १९७१ आणि २०११ चं वर्तुळ एकच. १९५१ च्या चकतीत त्याभोवती जेमतेम सात-आठ मिमी स्वच्छ काच उरते, २०११ मध्ये ६३. ही सगळी उपनगरं.

काच १० मिमीची, एक्स्ट्रा क्लिअर घ्या. साध्या काचेची कड हिरवी दिसते. टफन (तापवून कडक केलेली) काच नकोच, ती नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. काचवाल्याला मापं पॉलिश झाल्यानंतरची म्हणून लिहून द्या. शेवटच्या दोन चकत्यांच्या व्यासात फक्त ५ मिमीचा फरक आहे, त्यामुळे दोन मिमी जास्त घासलं गेलं की एका दशकाची वाढ बिघडलीच. मध्यभागी १२ मिमीचं भोक. डायमंड बिटने, पाणी सोडत, दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडायचं. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे टवका उडतो.

भोकं पाडून झाली की शहराचं वर्तुळ उघडं ठेवून बाकी काचेवर विनाइल स्टिकर लावा आणि सँडब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या दाबाने कण मारून ते वर्तुळ धुरकट करा. वाळू वापरू नका, तिच्या धुळीने सिलिकोसिस होतो. १२० ग्रिटचं ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा आणि मास्क लावाच. नोझल फार जवळ नेलं तर स्टिकरची कड उचकटते आणि वर्तुळ फाटकं दिसतं. धुरकट बाजू खाली ठेवा, बोटांचे डाग कमी पडतात.

चकत्या यूव्ही ग्लूने (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाने) एकावर एक चिकटवायचा मोह आवरा. ग्लू धुरकट पृष्ठभागात शिरला की तो पुन्हा पारदर्शक होतो, शहर गायब! त्याऐवजी ८ मिमीचा, ३३० मिमी लांब स्टीलचा थ्रेडेड रॉड घ्या आणि त्यावर नायलॉनची नळी चढवा, स्टील काचेला लागता कामा नये. दोन चकत्यांमध्ये १८ मिमीचा नायलॉन स्पेसर, त्याच्या वर-खाली १ मिमीचे सिलिकॉन वॉशर. काच धरून हे अंतर ३० मिमी होतं, म्हणजे वर्षाला ३ मिमी.

१९५१ तळाला, २०११ माथ्यावर. काचेचंच वजन साडेपाच किलोच्या आसपास जातं आणि ते वर एकवटतं, म्हणून बैठक ३०० मिमी चौरस, २० मिमी जाड ग्रॅनाइटची. वरचा नट हाताने आवळून पाव फेरा, बस्स. जास्त पिळलात तर भोकाच्या कडेपासून तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

रॉडचं उरलेलं टोक कापू नका. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ ची. तिची चकती २०११ च्या वर ४८ मिमीला बसेल, म्हणजे मधला स्पेसर वॉशरसकट ३८ मिमीचा.